तार आली, लवकर या

दातांना तार लावतात, हे आता आमच्या खामगावात कोणाला सांगावं लागत नाही. मी दवाखान्यात कामाला लागले तेव्हा माणसाला दोनच तारा ठाऊक होत्या. एक कुंपणाची आणि दुसरी पोस्टाची. पोस्टाची तार दारात आली की बाया ती उघडायच्या आधीच रडायला लागायच्या. चांगली बातमी पत्रानं यायची, सावकाश. घाई वाईट बातमीलाच असायची.

या दोन तारांमध्ये आमची तिसरी तार जाऊन अडकली आणि एका घराचा जीव टांगणीला लागला. तेच सांगणार आहे.

मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस होते. मदतनीस हा शब्द डॉक्टरांचा. मोठी माणसं मला बाई म्हणायची, पोरं मावशी म्हणायची. हत्यारं उकळायची, दात काढताना माणसाचं डोकं धरायचं, थुंकायचं भांडं धुवायचं, रडणारं पोरगं खुर्चीत बसवायचं, हे माझं काम. शिक्षण चौथी. डॉक्टर पुण्याकडचे. हात हलका, बोलणं तुटक. "हो", "नाही", "पुढच्या महिन्यात या", एवढ्यात त्यांचं भागायचं. उरलेलं सगळं बोलणं माझ्याकडे असायचं.

पोरांच्या दातांना तार लावायची तर आईबापांनी काय समजून घ्यावं, ते लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं. मी म्हटलं, ते डॉक्टरला विचारा. ते म्हणाले, डॉक्टर दातांबद्दल सांगतील, तुम्ही आईबापांबद्दल सांगा. हे मला पटलं. इतकी वर्षं मला दातांनी फारसा त्रास दिला नाही. दिला तो आईबापांनी.

आधी तार म्हणजे काय ते सांगते. आता दातांवर चिकटवतात तशी तार तेव्हा आमच्याकडे नव्हती. टाळूला बसणारी गुलाबी पट्टी असायची. तिला दाढांना धरून ठेवणारे तारेचे आकडे आणि पुढच्या दातांवरून जाणारी एक तार. काढता येणारी, घालता येणारी. ती करायची तर आधी तोंडाचं माप. गरम पाण्यात मऊ केलेला लाखेसारखा गोळा टाळूला दाबायचा. पोरगं ओकाऱ्या काढायचं आणि मी त्याचं कपाळ धरून "नाकानं दम घे, नाकानं" असं म्हणत राहायची. त्या मापावरून प्लास्टरचा साचा करायचा आणि तो अकोल्याच्या कारागिराकडे पाठवायचा. तिकडून पट्टी तयार होऊन यायची. मग दर महिन्याला डॉक्टर पकडीनं तार जराशी आवळायचे. लहानपणी हाड ऐकतं. रोज थोडं थोडं ढकललं तर दात हाडातून सरकतो. घाईनं ढकलला तर हलायला लागतो. शास्त्र मला एवढंच समजलं आणि तेवढ्यावर माझं भागलं.

आता आईबापांनी लक्षात ठेवायचं ते. पट्टी तोंडात असली तरच काम करते. हसू नका. धामणगाव बढ्याचे एक कापडवाले शेठ होते. त्यांच्या पोराला पट्टी बसवली. महिन्यानं दाखवायला आणला तर दात जिथल्या तिथं. डॉक्टरांनी विचारलं, "पट्टी कुठं आहे?" शेठनी कोटाच्या आतल्या खिशातून अंगठीची मखमली डबी काढली. आत पट्टी.

"पोरगं हारपवीन म्हणून तिजोरीत ठेवतो, डॉक्टरसाहेब. सणावाराले काहाडून देतो घालाले."

पट्टीवर हळदकुंकवाचा डाग होता. लक्ष्मीपूजनाला तिजोरीतल्या ऐवजाबरोबर तिचीही पूजा झाली होती. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही बोला."

मी म्हटलं, "शेठ, तिजोरीचे दात सरळ झाले असतीन. पोराचे नाही झाले."

शेठ रागावले. पण पट्टी त्या दिवशी पोराच्या तोंडात बसून गेली.

पोरं तर सरळ खोटं बोलायची. रोज घालतो, म्हणायची. ते ओळखायची रीत डॉक्टरांनी मला शिकवली होती. पट्टी घालून "सशाची शेपटी" म्हणायला लावायचं. रोज घालणाऱ्या पोराच्या जिभेला सवय झालेली असते, ते स्वच्छ म्हणतं. दवाखान्याच्या पायरीवर घाईघाईनं पट्टी कोंबलेलं पोरगं "छछाची छेपटी" म्हणून समोरच्याच्या तोंडावर थुंकी उडवतं. मी पदर आधीच पुढं धरायची.

या सगळ्या पोरांमध्ये एकच पोरगी अशी निघाली, जिला पट्टी घाल असं एकदाही सांगावं लागलं नाही. ती जानेफळची कुसुम.

कुसुमचे वडील श्रीपतराव भाजीचा मळा करायचे. वांगी, मिरची घेऊन खामगावच्या बाजाराला यायचे. आई सरूबाई, अंगानं किडकिडीत आणि आवाजानं भक्कम. थोरला भाऊ रामदास फौजेत. कुसुम तेव्हा पाचवीत होती. तिचे वरचे दात इतके पुढं होते की ओठ मिटत नव्हते. शाळेत पोरं "फावडं" म्हणायची. त्यामुळं तिनं एक सवय लावून घेतली होती. बोलताना एक हात तोंडावर, हसताना दोन्ही. पुढं पुढं हसणंच कमी केलं.

तिला दवाखान्यात पहिल्यांदा रामदासनंच आणलं, आईलाही बरोबर घेऊन. सुट्टीवर आला होता. फौजेत त्यानं कोणाचे तरी दात नीट केलेले पाहिले होते. डॉक्टरांनी तोंड तपासलं आणि म्हणाले, "होईल. पण जागा करायला वरचे दोन दात काढावे लागतील."

सरूबाई खुर्चीजवळून पोरीला ओढायला लागल्या. "वरचे दात काहाडले का डोये जातेत! आंधयी पोरगी कोन पदरात घेईन?"

हे मी रोज ऐकत होते. वरच्या दाताची शीर डोळ्याला असते, असं आमच्याकडे घरोघर पक्कं ठरलेलं. वाद घालून कोणी ऐकत नाही. मी माझं तोंड उघडून दाखवलं. वरच्या डाव्या दाढा मी कधीच्या काढून टाकलेल्या होत्या. मग टेबलावरची सुई घेतली, दोरा घेतला आणि सरूबाईंच्या नाकासमोर पहिल्या झटक्यात ओवला.

"पाहा. डोये गेले असते तं सुई तुमच्या बोटात घुसली असती."

रामदास मोठ्यानं हसला. सरूबाईंनी सुई हातात घेऊन दोन्ही बाजूंनी तपासली, जणू मी नेढं मोठं करून ठेवलं होतं. पण पोरीचा हात सोडला. त्यानंतर दोन दात निघाले, माप घेतलं, साचा अकोल्याला गेला. रामदासची सुट्टी संपत आली होती. जाताना तो कुसुमला माझ्यासमोर म्हणाला, "म्या वापस येईन तवा दोन्ही हात खाली सोडून हसून दाखवशीन. दाखवशीन का नाही?"

कुसुम तोंडावर हात ठेवून "हाव" म्हणाली.

तो गेला आणि सरहद्दीवर लढाई लागली.

पट्टी अकोल्याहून आली ती त्याच दिवसांत. श्रीपतराव त्या आठवड्यात बाजाराला आले नव्हते. दवाखान्यासमोरून जानेफळवरून मेहकरला जाणारी एसटी जायची. डॉक्टरांनी तिच्या कंडक्टरला हात केला आणि त्यांच्या नेहमीच्या तुटकपणानं सांगितलं, "जानेफळच्या श्रीपतरावांना निरोप द्या. मुलीची तार आली आहे. लवकर या."

कंडक्टरनं जानेफळच्या स्टँडवर हॉटेलवाल्याला सांगितलं, श्रीपतरावची तार आली खामगावले, लवकर बलावलं. हॉटेलवाल्यानं मळ्याकडं निघालेल्या एका माणसाला सांगितलं, श्रीपतले म्हणा तार आली. 'मुलीची' हा शब्द एसटीतून खाली उतरलाच नाही.

पोरगा फौजेत, लढाई चालू, आणि बांधावर येऊन कोणी सांगतं, तार आली. त्या घरात याचा अर्थ एकच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोस्टात गेले होते. दुसऱ्या एका पोराचा साचा अकोल्याला पार्सल करायचा होता. पोस्टाच्या पायऱ्यांवर गर्दी. मध्ये सरूबाई मांडी घालून बसलेल्या, केस सुटलेले, कपाळ बडवून लाल झालेलं. श्रीपतराव खिडकीचे गज धरून उभे. कुसुम भिंतीला टेकलेली, हात तोंडावर. आतला बाबू घामाघूम झाला होता.

"अहो, तुमच्या नावाची तारच नाही. कितीदा सांगू?"

"दडवून राह्यला तो!" सरूबाई ओरडल्या. "मायले सांगवत नाही त्याच्यानं. सांग रे बाबा, सांगून टाक. माहा रामदास गेला ना?"

मी पार्सल काखेत मारलं आणि गर्दीतून आत शिरले. "सरूबाई, तार आली हे कोनं सांगतलं तुमाले?"

"कंडक्टरनं निरोप आनला. खामगावले तार आली म्हने, लवकर या."

"कोन्या कंडक्टरनं? मेहकर गाडीच्या?"

"हाव."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मला हसू यायला लागलं. ती जागा हसायची नव्हती, पण आवरेना.

"बाई, तुमी हासता काऊन?" श्रीपतराव म्हणाले. गजावरचा हात माझ्यावर उठतो की काय असं वाटलं.

"अवो, पोस्टाची तार नाही आली. दाताची आली! कुसुमची! डॉक्टरच्या टेबलावर पडेल हाय डबीत."

 बाबूनं खिडकीच्या गजांना नाक लावून बाहेर बघितलं. मग कुसुमचा आवाज आला, हाताआडून, "माही तार?"

श्रीपतराव होते तिथं खाली बसले. सरूबाई उठल्या, केस बांधले आणि पहिली गोष्ट केली ती ही, की श्रीपतरावांच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. त्यांचा काही दोष नव्हता. पण जवळ तेच होते.

त्यांना घेऊन दवाखान्यात आले. डॉक्टरांनी काहीच झालं नसल्यासारखी डबी उघडली. त्यांना मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. त्यांच्या मानानं हे पुष्कळ होतं.

श्रीपतराव म्हणाले, "ते काही नको आता. अपशकुनी वस्तू हाय. घरात नेत नाही म्या."

पण सरूबाईंनी पट्टी हातात घेतली, कपाळाला लावली. म्हणाल्या, "आमच्या घराले एक तार लिहेल होती. ते ह्या रूपानं आली अन् निंघून गेली. आता दुसरी येत नाही. रामदास घरी येईस्तोर हे पोरीच्या तोंडातून काहाडाची नाही."

मी म्हटलं, "सरूबाई, ही तार दात मांगं नेते. फौजेतल्या पोराशी तिचं काही नातं नाही."

"तुमचा पोरगा फौजेत हाय?"

"नाही."

"मंग तुमी बोलू नका."

डॉक्टर हळूच म्हणाले, "राहू द्या बाई. वापरेल तरी."

आणि कुसुमनं वापरली. अशी वापरली की तसं पोरगं आम्ही पुन्हा पाहिलं नाही. पहिले काही दिवस दात दुखतात, लाळ गळते, बोलणं बोबडं होतं. या दिवसांतच निम्मी पोरं पट्टी सोडतात आणि आईच म्हणते, राहू दे बाप्पा, लेकरू जेवत नाही. आईबापांनो, ते दिवस काढा. भाकर दुधात कुस्करून द्या, वरण-भात द्या. दुखणं निघून जातं. कुसुमनं कुरकुर केली नाही. जेवताना पट्टी काढायची असते, नाहीतर ती मोडते, हे सरूबाईंना पटवायला मला फार बोलावं लागलं. शेवटी त्यांनी तोड काढली. पोरगी जेवेपर्यंत पट्टी आपल्या मुठीत घट्ट धरून समोर बसायच्या. घास संपला की परत तोंडात.

दर महिन्याला श्रीपतराव भाजी उतरवून तिला दवाखान्यात सोडायचे. "सशाची शेपटी" ती अशी म्हणायची की शाळेत कविता म्हणावी. लढाई थांबली. रामदासची पत्रं यायला लागली, मी ठीक आहे, सुट्टी मिळत नाही. पण सरूबाईंना पत्र पुरत नव्हतं. पोरगा दारात दिसायला हवा होता. तोपर्यंत पट्टी तोंडात. पावसाळा सरता सरता कुसुमचे ओठ मिटायला लागले. डॉक्टर साचे शेजारी शेजारी ठेवून बघत बसायचे, पहिला आणि आताचा. खुश होते. मीही खुश होते.

एकच गोष्ट मला खटकत होती. दात आत गेले तरी पोरीचा हात तोंडावरच. एकदा मी तो धरून खाली केला.

"आता काऊन झाकतं वं? आता तं दात चांगले झाले."

ती म्हणाली, "तार पडली तं?"

म्हणजे आधी ती दात झाकायची आणि आता भाऊ सांभाळत होती. हे मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, लहान आहे, विसरेल. आईबापांनी एवढं ध्यानात घ्यावं. पोरगं पट्टी घालत नाही याची आपण काळजी करतो. घालतं तर कशाच्या भीतीनं घालतं, हेही एकदा विचारावं. आमच्या दवाखान्यात ते कळूनही कोणी मनावर घेतलं नाही, कारण दात सरळ होत होते.

मग थंडी पडली. एका बाजाराच्या दिवशी श्रीपतरावांनी कुसुमला दवाखान्यात आणलं. महिना झाला नव्हता. ती दारातून म्हणाली, "मावछी."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. एवढ्या महिन्यांत तिचा श कधी चुकला नव्हता.

"तोंड उघड."

पट्टी टाळूला बसलेली नव्हती. एका बाजूनं वर उचललेली, आणि त्या उचललेल्या कडेनं जीभ कापली होती. ती दाबून दाबून बसवत होती. मी पट्टी काढली तर वाकडी झालेली, पापड भाजताना वळतो तशी. डॉक्टरांनी हातात घेऊन पाहिली. "गरम पाणी," एवढंच म्हणाले.

तसंच होतं. पट्टी गार पाण्यानं धुवायची, हे सांगितलेलं होतं. पण पोरीला वाटलं, गार पाण्यानं धुतो त्यापेक्षा गरम पाण्यानं अजून चांगली, अजून पवित्र. सकाळी आंघोळीच्या चुलवणावरचं उकळतं पाणी घेतलं आणि त्यात टाकली. इतर पोरांच्या पट्ट्या हलगर्जीपणानं बिघडायच्या. हिची अति जपण्यानं बिघडली. आईला सांगितलं नव्हतं. बापाला वाटेत सांगितलं होतं, आणि बाप तेव्हापासून घाबरलेला होता.

डॉक्टर म्हणाले, "नवीन करावी लागेल. माप घेऊ. आठवडाभर तोंड रिकामं राहिलं तरी फार बिघडत नाही."

कुसुम खुर्चीत ताठ बसली. रडली नाही. "आता दादाचं कसं?" तिनं विचारलं. डॉक्टरांना नाही, मला.

मी म्हटलं, "कुसुम, तुह्या दादापाशी बंदूक हाय. त्याच्या संग माणसं हायेत. तुह्या टाळूवर निसती गुलाबी पट्टी हाय. तिच्यानं दात सरकतेत. गोळी नाही सरकत."

"माय म्हनते..."

"तुही माय येडी हाय."

श्रीपतराव कोपऱ्यातून म्हणाले, "हे तुमीच चालून सांगा बाई तिले. माह्याच्यानं होत नाही. मले जीव प्यारा हाय."

माप झाल्यावर डॉक्टरांनी मला सुट्टी दिली आणि मी त्यांच्याबरोबर एसटीत बसले. वाटभर काय बोलायचं ते जुळवत होते. कुसुम खिडकीशी, हात तोंडावर, रिकाम्या तोंडावर.

त्यांच्या घरासमोर माणसं जमलेली होती. श्रीपतराव चालता चालता थबकले. ओसरीवर सरूबाई बसलेल्या, मांडीवर एक बंद कागद. तार. खरी, पोस्टाची. शिपाई देऊन गेला होता आणि ती उघडायची कोणाची छाती होत नव्हती. शाळेच्या गुरुजींना बोलवायला कोणी तरी गेलं होतं.

सरूबाईंनी आम्हाला पाहिलं. श्रीपतरावांकडं बघितलंच नाही. कुसुमला म्हणाल्या, "इकडं ये. तोंड उघड."

कुसुमनं हात काढला आणि तोंड उघडलं. आत सरळ, सुंदर दात होते आणि दुसरं काही नव्हतं.

 सरूबाईंनी बडवून घेतलं नाही, त्या ओरडल्या नाहीत. मांडीवरच्या कागदावर नुसता तळहात ठेवला. त्यापेक्षा पोस्टाच्या पायरीवरचा आकांत परवडला होता. आणि पोरगी तशीच उभी, तोंड उघडं ठेवून, मिटायचं की नाही ते तिला कळेना.

मी जाऊन तिचं तोंड मिटवलं, हनुवटीला हात लावून. मग सरूबाईंच्या तळहाताखालून तार ओढून घेतली आणि फोडली. अक्षरं इंग्रजी. चौथी पास बाईला काय समजणार? तेवढ्यात गुरुजी आले. त्यांनी कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब केला.

"मनातल्या मनात काय वाचता गुरुजी, मोठ्यानं वाचा!" गर्दीतून कोणी तरी म्हणालं.

"लीव्ह," गुरुजी म्हणाले. "लीव्ह म्हणजे... सोडणे. सोडून जाणे."

ओसरीवरच्या बायांनी एकदम हंबरडा फोडला. श्रीपतरावांनी खांब धरला.

"गुरुजी, आधी पुरं वाचा, मंग अर्थ सांगा!" मी ओरडले.

"थांबा हो, थांबा. लीव्ह सँक्शन्ड. सँक्शन म्हणजे मंजूर. सोडणे मंजूर... अहो, रजा! रजा मंजूर! लीव्ह म्हणजे इथं रजा! सोमवारी खामगावला पोचतो, असं आहे! रामदास!"

ज्या बाया रडत होत्या त्याच हसायला लागल्या. गुरुजी घाम पुसत "रजा, रजा" असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. कोणी तरी गूळ आणला. सरूबाईंनी तार परत घेतली, उलटसुलट बघितली. त्यांनाही वाचता येत नव्हती, पण बघून घेतली. मग माझ्याकडं वळल्या.

मी म्हटलं, "पाहा. पट्टी वाकडी होऊन डॉक्टरच्या टेबलावर पडेल हाय अन् पोरगा सोमवारी घरी येऊन राह्यला. आता तरी दोन तारा एकमेकीत गुंतवू नका."

त्या कुसुमकडं वळल्या. जवळ घेतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "पुन्हा गरम पान्यात टाकली तं टंगडं तोडीन तुहं. जाय, बाईले चहा टाक."

कुसुम धावत आत गेली. धावताना दोन्ही हात खाली होते.

नवी पट्टी आली तेव्हा निरोप मी स्वतः दिला. पट्टी आली, असा दिला, आणि कंडक्टरकडून तीनदा म्हणवून घेतला. तेव्हापासून आमच्या दवाखान्यात तार हा शब्द निरोपात कोणी वापरला नाही. डॉक्टरांनीही नाही.

पट्टी न्यायला रामदास आला, कुसुमला घेऊन. उन्हानं काळा झालेला, वाळलेला, पण धड. "मावशी," तो म्हणाला, "इनं स्टँडवर मले दोन्ही हात सोडून हासून दाखवलं. म्या वळखलीच नाही. म्हनलं, हे कोनाची पोरगी हाय!" मग हसत हसत म्हणाला, "अन् माय म्हनते, म्या जिता हावो ते ह्या पट्टीच्यानं."

"तुमी जिते हा ते तुमच्या नशिबानं," मी म्हटलं. "पट्टीनं दात सरळ झाले. अन् झाले म्हनून काम संपलं असं समजू नका. आता रोज रातच्याला घालाची, अजून वर्ष-दीड वर्ष. नाही तं दात आपल्या जुन्या जागी वापस जातेत."

हे शेवटचं आईबाप नेहमी विसरतात. दात सरळ दिसले की पट्टी कोनाड्यात जाते आणि मग दोन वर्षांनी येऊन डॉक्टरशी भांडतात. दाताला आपली जुनी जागा फार दिवस आठवते. तेवढे दिवस धरून ठेवा.

रामदास सुट्टी संपवून परत गेला. त्यानंतरच्या महिन्यात कुसुम आली तेव्हा मला जरा धाकधूक होती. पोरगा पुन्हा सरहद्दीवर, आईचं डोकं पुन्हा फिरलं असलं तर? डॉक्टरांनी पट्टी तपासली, ठीक बसली होती. कुसुम खुर्चीतून उतरली. मी हळूच विचारलं, "माय काय म्हनते? दिवसा घालाले लावते का?"

"नाही. रातच्याला घाल म्हनते, डॉक्टरनं सांगतलं तशी." तिनं डबी पिशवीत टाकली आणि माझ्याकडं बघून हसली, हात खाली ठेवून.

"आता बरं वाटते मावशी," ती म्हणाली. "आता निसते दातच सांभाळा लागतेत."